लाकडी रंधा घरी बनवणे: मापं, पात्याची बैठक, पाचर आणि नेहमीचे बिघाड

गुण्या (धागाकर्ता)

या धाग्यात एकाच रंध्याची पूर्ण मापं देतोय: दोन इंची पात्याचा, २५० मि.मी. लांब, ४५ अंशांचा सफाईचा रंधा. तो जमला की लांबी वाढवून सरळ करायचा रंधाही याच रीतीने होतो.

जुनी रीत म्हणजे अखंड ठोकळा वरून पटाशीने कोरत खाली तोंडापर्यंत, म्हणजे तळातल्या पात्याच्या फटीपर्यंत, जायचं. त्यात आतली उतरती बाजू सपाट राखणं फार अवघड असतं, कारण पटाशीला आत वळायला जागाच नसते. म्हणून इथे ठोकळ्याचे दोन गाल, म्हणजे दोन बाजूंच्या फळ्या, करवतून वेगळे करायचे, मधला भाग तिरका कापायचा आणि सगळं परत चिकटवायचं. ही पद्धत जेम्स क्रेनोव (१९२०–२००९) यांच्यामुळे जगभर पसरली. कॅलिफोर्नियातल्या फोर्ट ब्रॅग इथे ते फर्निचरकाम शिकवत. तिचा मोठा फायदा असा की पात्याची बैठक, म्हणजे पातं जिच्यावर टेकतं ती उतरती बाजू, उघड्यावर, हवी तितकी सपाट करता येते. रंध्याचं निम्मं यश त्या बैठकीत आहे.

सामान:
– ठोकळा ३०० × ८८ × ६० मि.मी. (८८ मध्ये १२-१२ चे दोन गाल, मधला ५२, दोन करवतचिरा आणि सफाईची घट धरली आहे)
– ५० मि.मी. रुंद पातं, एक सूत म्हणजे ३ मि.मी. जाड, त्यावर कॅप आयर्न (पात्यावर स्क्रूने बसणारी, ढलपी मोडणारी लोखंडी पट्टी)
– आडव्या खुंटीसाठी (दोन गालांमधली दांडी, हिच्याखाली पाचर अडकते) १२ × १२ मि.मी. कठीण लाकूड, ९० मि.मी. लांब
– ६ मि.मी. च्या चार लाकडी खुंट्या, फेविकॉल, किमान सहा सी-क्लॅम्प

ठोकळा चारही बाजूंनी गुण्यात, म्हणजे काटकोनात आणा (गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार). मग दोन्ही गाल कापा. मधल्या भागावर पुढच्या टोकापासून साधारण ११० मि.मी. वर तोंडाची खूण करा. त्या खुणेपासून मागे झुकणारी ४५ अंशांची रेघ ही पात्याची बैठक. पुढे झुकणारी ६२ अंशांची रेघ ही ढलपी, म्हणजे निघणारा लाकडाचा पातळ पापुद्रा, बाहेर पडायची वाट. दोन्ही रेघांवर कापलं की मधून त्रिकोणी तुकडा सुटतो. तो टाकू नका, पाचर त्यातूनच निघते.

बैठक आता दुसऱ्या रंध्याने किंवा काचेवर लावलेल्या सँडपेपरने सपाट करा. सरळपट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून बघा, उजेड दिसता कामा नये. गुण्या लावून ती बाजूंशी काटकोनात आहे ना तेही पाहा. कॅप आयर्नच्या स्क्रूचं डोकं बसायला बैठकीच्या मध्यभागी २० मि.मी. रुंद, ८ मि.मी. खोल खाच लागते. ही खाच तोंडाच्या २५ मि.मी. अलीकडेच थांबवा. खालपर्यंत नेली तर नेमकं धारेजवळ पात्याखालचा आधार जातो.

आडव्या खुंटीचं मध्य तळापासून ३२ मि.मी. वर आणि बैठकीपासून काटकोनात १८ मि.मी. पुढे. हिशेब असा: खुंटीची निम्मी जाडी ६, पातं ३, कॅप आयर्न ३, उरले ६ मि.मी., तेवढी पाचरीची जाडी. खुंटीची दोन्ही टोकं ९ मि.मी. गोल करायची आणि मधला भाग चौकोनी ठेवायचा. गालांची भोकं दोन्ही गाल एकत्र बांधून एकदमच पाडा, म्हणजे खुंटी तिरकी बसत नाही. खुंटीला गोंद लावायचा नाही. ती भोकात किंचित फिरली पाहिजे, तरच तिची सपाट बाजू पाचरीवर आपोआप पूर्ण टेकते.

तोंड किती उघडं ठेवायचं, यात बहुतेक जण चुकतात. ३ मि.मी. पातं ४५ अंशांत झुकलं की तळाशी ४.२ मि.मी. जागा व्यापतं. म्हणजे शेवटी फट साधारण ४.५ मि.मी. हवी. पण चिकटवताना ती २.५ मि.मी. च ठेवायची. या कोनांमुळे तळ १ मि.मी. घासला की फट दीड मि.मी. ने रुंदावते. त्यामुळे तळ सपाट करून होईपर्यंत ती ४ वर येते आणि उरलेलं अर्धं कानशीने, पातं लावून बघत बघत काढायचं.

---

शिसवी

छान सुरुवात. लाकडाबद्दल थोडं.

वखारीत शिसम मागितलं की बहुधा उत्तरेकडचं सिसू मिळतं. रंध्याला ते उत्तम आहे. आपल्याकडचं काळपट शिसव त्याहून जड आणि सुरेख, पण आता महाग. बाभळीचा गाभा कठीण आणि चिवट असतो, घासाला फार टिकतो. अडचण एकच, सरळ रेषेचा मोठा तुकडा मुश्किलीने मिळतो. धावडा हत्यारांच्या दांड्यांना प्रसिद्ध आहे, पण सुकताना तडकतो. जुन्या वाड्यांच्या सागवानी तुळया पूर्ण मुरलेल्या असतात आणि हवामानाने फार कमी हलतात. तळ मात्र साग असल्याने लवकर झिजतो. सागाचा रंधा करायचा तर तळाला कठीण लाकडाची ६ मि.मी. ची पट्टी चिकटवा.

युरोपात बीच वापरतात, जपानी रंध्यांना सदाहरित ओकची एक जात. दोन्हीत सारखी गोष्ट म्हणजे बारीक, एकसारखा पोत. आपल्याला त्याच्या जवळ जाणारं, गाठ नसलेलं, टोकाला तडे नसलेलं लाकूड निवडायचं आहे. बाहेरचा पांढरा भाग अजिबात घेऊ नका, त्यात भुंगे लागतात.

आणि रेषांची दिशा. ठोकळा बाजूने पाहिला की रेषा पुढच्या टोकाकडून मागच्या टोकाकडे खाली उतरत गेल्या पाहिजेत. रंधा पुढे ढकलताना तळ काम्यावर, म्हणजे रंधायच्या लाकडावर, घासतो. उलट्या दिशेच्या रेषा असतील तर तंतू उचकटत राहतात आणि तळ खरखरीत होतो.

---

विदर्भी

गुण्याभाऊ, मधला भाग ५२ आणि पातं ५०, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून २ मि.मी. मोकळे. इतकी फट जास्त नाही का? पातं आजूबाजूला सरकेल असं वाटतं.

---

गुण्या

सरकतं, आणि ते सोयीचंच आहे. धार तळाला समांतर आणायला पात्याचं डोकं डावीउजवीकडे हलवावंच लागतं.

पण खरं कारण हवामान. कोकणात पावसाळ्यात लाकडातला ओलावा १६ टक्क्यांच्या आसपास जातो, तुमच्याकडे मे महिन्यात ८ च्याही खाली. तेवढ्या फरकाने ५२ मि.मी. रुंदीचं लाकूड साधारण १ मि.मी. आक्रसतं. पोलाद आक्रसत नाही. पातं घट्ट बसवलेलं असेल तर गाल बाहेर ढकलले जातात आणि सांधा उघडतो किंवा गालाला तडा जातो. अखंड ठोकळ्याच्या जुन्या रंध्यांच्या गालांना तडे दिसतात, त्यातले बरेचसे असेच पडलेले असतात. म्हणून ठोकळा आणल्यावर जिथे वापरायचा त्याच खोलीत किमान दोन-तीन महिने ठेवा. रंधा भर पावसात बनवत असाल तर फट अडीच ठेवली तरी चालेल.

---

कुरुंद

पात्याबद्दल. हार्डवेअरच्या दुकानात सुतारी रंध्याचं सुटं पातं मिळतं, तेच घ्या. पातळ, २ मि.मी. चं असेल तर कॅप आयर्न जाड बघा आणि खुंटीचं बैठकीपासूनचं अंतर त्याप्रमाणे कमी करा, नाहीतर पाचर भलतीच जाड होते.

नवीन पात्याची मागची बाजू म्हणजे सपाट बाजू कधीच खरोखर सपाट नसते. धारेलगतचे २० मि.मी. तरी ४०० नंबरच्या सँडपेपरपासून १००० आणि पुढे ६००० नंबरच्या धारेच्या दगडापर्यंत आरसा होईस्तोवर घासा. धारेचा कोन ३० अंश. ४५ च्या बैठकीवर ३० चा कोन असला की धारेमागे १५ अंशांची मोकळीक उरते. ती १० च्या खाली गेली तर पात्याची पाठ काम्यावर घासते, रंधा वर उचलला जातो आणि कितीही धार असली तरी कापत नाही.

कुणाला पातं स्वतः करायचं असेल तर ओ-१ जातीची पोलादी पट्टी घ्या. ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून कोमट तेलात बुडवायची. मग लगेच ओव्हनमध्ये २०० अंशांवर एक-एक तास दोनदा. रंग फिकट गवती पिवळा यायला हवा. निळा झाला तर पातं मऊ पडलं. तेलात बुडवताना पातं उभं धरा आणि खाली-वर हलवा. आडवं हलवलं तर एक बाजू आधी थंड होऊन वाकतं. आणि तेलाच्या डब्याचं धातूचं झाकण हाताशी ठेवा, भडका उडाला तर झाकण टाकून विझवायचं, पाणी नाही.

---

निळी_खडू

चिकटवताना मधले दोन तुकडे गोंदावर घसरतात आणि तोंडाची फट बदलते. त्यावर काय करायचं?

---

गुण्या

सामानातल्या चार खुंट्या त्याचसाठी आहेत, सांगायचं राहिलं. गोंद न लावता सगळं जुळवा, फट २.५ वर आणा, क्लॅम्प आवळा आणि दोन्ही टोकांजवळ गालातून आरपार ६ मि.मी. ची भोकं पाडून खुंट्या ठोका. पुढच्या तुकड्यात दोन, मागच्या तुकड्यात दोन. ठोकळा ३०० चा आहे आणि रंधा २५० चा, तेव्हा खुंट्या त्या टोकांच्या जास्तीच्या २५-२५ मि.मी. मध्येच येऊ द्या. शेवटी टोकं कापली की त्या निघून जातात.

मग सगळं सोडवून गोंद लावायचा. आडवी खुंटी आत घालायला विसरू नका, नंतर ती घालता येत नाही.

शिसम आणि साग दोन्ही तेलकट. चिकटवण्याच्या आधी तासाभरात पृष्ठभाग नव्याने रंधून घ्या किंवा ॲसिटोनने पुसा. गोंद पातळ थरात, पण कोरडी जागा न सोडता. बैठकीच्या कडेला ३ मि.मी. पट्टा गोंदाविना ठेवा, क्लॅम्प आवळल्यावर गोंद तिथपर्यंत आपसूक येतो. तरी आत ओघळलाच तर ओल्या काडीने लगेच काढा. बैठकीवर वाळलेला गोंदाचा एक थेंब पातं कायमचं डळमळीत करतो. क्लॅम्प एक दिवस तसेच राहू द्या.

---

मोगरी

पाचरीवर जरा सविस्तर लिहायला हवं, कारण रंधा चालत नाही अशा दहा तक्रारींतल्या सहा-सात पाचरीपाशीच येऊन थांबतात.

उतार १० अंशांच्या आसपास ठेवा. १५ च्या वर गेला तर ठोकली तरी पाचर सुटून वर येते. ६ च्या खाली गेला तर अडकून बसते, काढताना रंधा फुटायची वेळ येते. लांबी १०० ते ११० मि.मी., रुंदी पात्यापेक्षा थोडी कमी. खालचं टोक खुंटीच्या पुढे १०-१२ मि.मी. पेक्षा जास्त नको आणि ते पातळ, गोलसर करा. जाड टोक ठेवलं की ढलपी तिथेच आपटते आणि तोंड तुंबतं.

बसली की नाही हे बघायला पाचरीच्या दोन्ही बाजूंना मऊ पेन्सिल फासा, हलकी ठोका, काढा. जिथे चकाकी आली तिथे ती टेकतेय. चकाकी एकाच कोपऱ्यात असेल तर तो कोपरा एखादी ढलपी काढून उतरवा आणि परत बघा. पाच-सहा फेऱ्या लागतात. खुंटीखाली पूर्ण रुंदीत रेघ उमटेपर्यंत थांबू नका.

ठोकायची ती हलक्या लाकडी मोगरीने, दोन टिचक्या पुरतात. जोर लावून ठोकली की शरीर फुगतं आणि तळाचा आकार बदलतो. पातं खाली आणायला पात्याच्या डोक्यावर टिचकी. मागे घ्यायला किंवा सोडवायला रंध्याच्या मागच्या टोकावर. दर वेळी शेवटी पाचरीला एक टिचकी.

---

निळी_खडू

तळ सपाट करताना पातं काढून ठेवायचं ना?

---

मोगरी

नाही ताई, आतच ठेवायचं. पाचर नेहमीच्या जोराने ठोकलेली, पातं मात्र २ मि.मी. आत ओढलेलं. पाचरीच्या दाबाने शरीर किंचित वाकतं, त्या वाकलेल्या अवस्थेतच तळ सपाट हवा. मोकळ्या रंध्याचा तळ आरशासारखा केला आणि मग पाचर ठोकली तर तो पुन्हा बिघडतो.

१० मि.मी. जाडीची काच किंवा पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटचा तुकडा घ्या. कडाप्प्यावर भरवसा ठेवू नका, तो लाटेसारखा असतो. १२० चा कागद लावा, तळावर पेन्सिलीने जाळी काढा आणि रंधा पूर्ण लांबीत ओढा. तीन जागा एका पातळीत यायलाच हव्यात: पुढचं टोक, तोंडाच्या लगेच पुढची पट्टी आणि मागचं टोक. मधे कुठे थोडी पेन्सिल उरली तर चालते. तोंडापुढची पट्टी मात्र टेकलीच पाहिजे. तीच काम्यावरचे तंतू दाबून धरते, त्यामुळे लाकूड धारेच्या पुढे पुढे उचकटत जात नाही.

---

विदर्भी

शिसमाच्या फळीवर, जिथे रेषा पट्ट्यापट्ट्याने उलटसुलट जातात, तिथे ४५ चा रंधा लाकूड उचकटतो. बैठकच ५५ ची करावी का?

---

कुरुंद

दोन उपाय आहेत. आधी स्वस्तातला करा: कॅप आयर्न धारेपासून ०.२ मि.मी. वर आणा. म्हणजे नुसत्या डोळ्याला धारेची एक चमकती रेघ दिसेल इतकंच. कॅप आयर्नच्या पुढच्या कडेला ५० अंशांचा बारीक उतार द्या. तिच्यावर आदळून ढलपी लगेच मोडते, तंतू मुळापासून उचलले जायला वावच राहत नाही. कॅप आयर्न आणि पातं यांच्यात केसाएवढीही फट नको. असली तर ढलपी तिच्यात घुसते आणि पंख्यासारखी घडी होऊन तुंबते. उजेडाकडे धरून बघा.

त्यानेही भागलं नाही तर दुसरा रंधा ५० किंवा ५५ चा करा. बाभूळ, शिसम, उलट्या रेषांचा साग यांना तो छान. पण ढकलायला जड जातो, आणि पाइन-देवदारासारख्या मऊ लाकडावर ४५ सारखी तुकतुकीत सफाई देत नाही. ५५ ला पातं तळाशी ३.७ मि.मी. च जागा घेतं, तेव्हा फटीचा हिशेब नव्याने करा.

---

शिसवी

आडवी खुंटी ही नवी युक्ती नाही, हे इथे नोंदवावंसं वाटतं. पाँपेईत, म्हणजे इ.स. ७९ च्या ज्वालामुखीखाली गाडलेल्या शहरात, रोमन रंधे सापडले आहेत. रोमन रंध्यांत पाचर दोन्ही गालांतून आडव्या घातलेल्या दांडीखाली अडकवत. पुढे युरोपातल्या सुतारांनी दांडी काढून गालांतच पाचरीसाठी खाचा कोरायला सुरुवात केली, त्यामुळे ढलपीला मधे काही आड येत नाही. कान्ना या जपानी रंध्यात तर पाचरच नाही. पातं स्वतः पाचरीसारखं निमुळतं असतं आणि बाजूंच्या खाचांत ठोकून बसवतात. तो ओढून चालवतात, आणि त्याची बैठक घडवण्यात तिथले कारागीर फार वेळ घालवतात.

---

निळी_खडू

रंधा तयार आहे, ढलपी निघतेय, पण दोन त्रास आहेत. एक, ढलपी उजवीकडे जाड आणि डावीकडे जवळजवळ नाहीच, पात्याचं डोकं हलवूनही पूर्ण सुधारत नाही. दुसरं, फळीच्या सुरुवातीला रंधा थरथरतो आणि पायऱ्यांसारख्या आडव्या खुणा पडतात.

---

गुण्या

पहिल्याचं उत्तर आधी पात्यात शोधा. पातं काढून त्याच्या बाजूला गुण्या लावा. धार काटकोनात नसेल तर तेवढंच. ती बरोबर असेल तर बैठक पिळलेली आहे. बैठकीच्या वरच्या आणि खालच्या टोकावर एकेक सरळपट्टी आडवी ठेवा आणि मागून बघा, दोन्ही समांतर दिसल्या पाहिजेत. बारीक पिळ असेल तर रुंद पटाशी सपाट धरून खरवडता येतो. पात्याच्या पाठीला दिव्याची काजळी लावून बसवा, काढा, काळं उमटेल तिथलंच खरवडा.

थरथरण्याचं कारण बहुधा हेच आहे. पातं बैठकीच्या मधल्या भागावर टेकतंय आणि धारेपाशी अधांतरी आहे. काजळी तोंडालगत पूर्ण रुंदीत आणि वरच्या टोकाला उमटली पाहिजे. मधे थोडी पोकळी असली तर उलट बरं. नसली तर वरचा-खालचा भाग तसाच ठेवून मधला एक केसभर खरवडा.

---

मोगरी

आणि सुरुवातीला दाब पुढच्या हातावर, शेवटी मागच्या हातावर. पहिल्या चार बोटांच्या अंतरातच थरथर होत असेल तर आधी हे तपासा.

---

विदर्भी

तेल-पॉलिश काय करावं?

---

शिसवी

रंगाच्या दुकानातलं बेल तेल (म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल), दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हात पुसून घेऊन एक दिवस वाळवायचा. टोकांना जास्त पाजा, ओलावा तिथूनच आत-बाहेर होतो. बैठकीला, पाचरीला आणि खुंटीला अजिबात लावू नका, पातं घसरतं. वार्निशही नको, हातातून सटकतो. तळावर मेणबत्ती दोन रेघा ओढा, ढकलणं लगेच हलकं होतं.

तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आतून तापत जाऊन आपोआप पेट घेते. बाहेर दोरीवर पसरून कडक वाळू द्या, मगच टाका.

---

विदर्भी

शेवटचं. काही वर्षांनी तळ घासून घासून तोंड मोठं झालं तर रंधा बाद का?

---

गुण्या

अजिबात नाही. तोंडाच्या पुढे तळात ४० मि.मी. लांब, पात्यापेक्षा ४ मि.मी. जास्त रुंद आणि ७ मि.मी. खोल खाच करा आणि त्यात बाभळीचा किंवा अंजनाचा तुकडा चिकटवा. त्याच्या रेषा रंध्याच्या लांबीच्याच दिशेने हव्यात. आडव्या रेषांचा तुकडा पुढच्या पावसाळ्यात उखडतो. तुकडा तळाच्या अर्धा मि.मी. बाहेर ठेवा. गोंद पूर्ण वाळला की पाचर ठोकून, पातं आत ओढून, पुन्हा काचेवर घासा. फट कानशीने उघडताना कानस ६२ ऐवजी ७५ अंशांत धरलीत तर पुढे तळ घासला तरी तोंड हळूहळू रुंदावेल. हा उभा भाग मात्र ५ मि.मी. पेक्षा उंच ठेवू नका, ढलपी तिथे अडायला लागते.